टर्बो बदलला, डिझेल वाढवलं, तरी पिकअप घाटात दबते आणि काळा धूर मारते: कुठून तपासायचं?

माझं गॅरेज चिपळूणहून कऱ्हाडला जाणाऱ्या रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या अलीकडे आहे. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप रात्रभर वर चढत असतात आणि ज्यांना चढवत नाही त्या माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत एकच तक्रार इतक्या वेळा आली की आता लिहूनच ठेवतो. कुणीतरी जास्त ताकदीसाठी इंजिनात जाणारं डिझेल वाढवलेलं असतं, कुणीतरी मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवलेला असतो, पण दोघांचा एकमेकांशी मेळ बसलेला नसतो.

लक्षणं

रिकामी गाडी सपाटीला उडते. माल भरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चढाला लागली की दबते. पेडल तळाला टेकवलं तरी वेग वाढत नाही, आरशात फक्त काळा ढग वाढतो. अर्ध्या घाटात पाण्याचा काटा वर सरकायला लागतो. काही गाड्यांत चेक लाइट लागतो आणि गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कापते. चावी बंद करून पुन्हा चालू केली की पाच-दहा मिनिटं बरी चालते, मग पुन्हा तेच. स्कॅनरवर बहुतेक वेळा पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, किंवा पी०२३४ म्हणजे दाब जास्त, असा कोड सापडतो. अ‍ॅव्हरेज पडतं. आणि सगळ्यात महाग लक्षण: नवा टर्बो काही महिन्यांत गेला, दुसरा टाकला, तोही गेला.

आधी धुराचा रंग नीट बघा. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून येणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. धूरच नाही आणि गाडीही ओढत नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःहून ते कापतोय. शेवटचा प्रकार असेल तर खालचा डिझेल फिल्टरचा भाग आधी वाचा. आरपीएम चढतं पण वेग चढत नाही, असं असेल तर इंजिन उघडू नका. क्लच प्लेट घसरते आहे. वाढवलेला टॉर्क मूळ क्लचला पेलवत नाही, हे फार वेळा घडतं.

फुकटातली तपासणी: गाडी मूळ अवस्थेत आणा

ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे डिझेल वाढवायला वायरिंगमध्ये जोडलेला डबा, लावला असेल तर तो काढा, कंपनीचा कनेक्टर पुन्हा जागेवर लावा आणि तोच चढ तोच माल घेऊन चढा. या एका गोष्टीला पैसा लागत नाही, तरी बहुतेक जण ती शेवटी करतात. स्वस्तातले बॉक्स रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल खाली ओढून इसीयूला दाखवतात. इसीयूला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो पंपाला आणखी दाब मागतो. याचा दुसरा अर्थ असा की बॉक्स लावलेला असताना स्कॅनरवर दिसणारं रेल प्रेशर खरं नसतं, खरं त्याहून जास्त असतं. बॉक्स तसाच ठेवून पुढचे आकडे घेतलेत तर सगळं निदान चुकेल.

रीमॅप, म्हणजे इसीयूमधला प्रोग्रॅमच बदललेला, असेल तर ज्याने केलं त्याच्याकडे मूळ फाइल असते. ती परत टाकायला सांगा. मूळ मॅपवर धूर गेला आणि ओढ मूळच्यासारखी आली, तर इंजिन बरं आहे आणि दोष मॅपमध्ये आहे. मूळ मॅपवरही दबते आहे, तर दोष लोखंडात किंवा रबरात आहे आणि रीमॅपवर आणखी पैसे घालणं व्यर्थ.

मग एअर फिल्टर. आमच्याकडची जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते, फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसते आणि पहिल्या पावसात लिंपल्यासारखी घट्ट होते. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. घड्यांतून उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, झटकून परत लावू नका. मूळ डबा फेकून उघडा कोन फिल्टर बसवला असेल तर तो मी सरळ काढायला सांगतो. तो बॉनेटमधली तापलेली हवा ओढतो. त्याला ऑइल लावलेलं असेल तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. आणि स्वस्त कोनमधून धूळ आत गेली की टर्बोच्या पुढच्या चक्राच्या पात्यांच्या कडा झिजतात.

हवेचे पाइप: इथे वेळ घालवा

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सर्वाधिक वेळा दोष सापडतो तो टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) या पाइपांत. मूळ टर्बोच्या दाबाला वर्षानुवर्षं टिकलेला रबरी होज वाढवलेल्या दाबाला टिकेलच असं नाही.

गेल्या मे महिन्यात एक दादा भरलेली गाडी घेऊन आले. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, नोझल बदलून झाले होते, टर्बोही दुसरा होता. म्हणाले, "आता इंजिन उतरवायला सांगितलंय, तुम्ही एकदा बघा." मी खाली झोपून इंटरकूलरच्या खालच्या तोंडाचा होज चाचपला. वरून एकदम नवा, पण हाताला ऑइल लागलं आणि ते एकाच रेषेत होतं. क्लिप सोडून होज बाहेर काढला, दोन्ही अंगठ्यांनी उलटा वाकवला, तेव्हा आतल्या बाजूने बोटभर लांबीची चीर उघडली. सोडला की चीर मिटायची. गाडी उभी असताना ती बंद आणि घाटात दाब आला की उघडी. होज बदलला, पेट्या न उतरवताच गाडी वर गेली.

म्हणून नुसतं बघून पाइप पास करू नका. प्रत्येक होज वाकवून बघा. ऑइलची ओली रेघ कुठे उमटली आहे ते शोधा, हवा निसटते तिथे ऑइलची वाफ बसते. नंतर दाबाची चाचणी करा: इंजिन बंद, टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला बूच आणि त्यातून कंप्रेसरची हवा, रेग्युलेटर लावून, १ बारच्या वर नाही. साबणाचं पाणी स्प्रे करत जा. बुडबुडे आले तिथे गळती. बूच नीट आवळा आणि त्याच्या समोर उभे राहू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं.

ही गळती इतका धूर का काढते? ज्या गाडीत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे इसीयूने हवा आधीच मोजून हिशेबात धरलेली असते. ती हवा पुढे होजमधून रस्त्यावर निघून जाते, पण तिच्या वाट्याचं डिझेल मात्र सिलिंडरमध्ये पोचतं.

एकदा हिशेब मांडू

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

२.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमला मिनिटाला ३,७५० लिटर हवेची जागा करतं. प्रत्यक्षात ती साधारण ८५ टक्के भरते, म्हणजे जवळपास ३,२०० लिटर. टर्बोने १ बार दाब दिला आणि इंटरकूलरने हवा ५० अंशांवर आणली, तर या जागेत सुमारे ६.९ किलो हवा बसते. डिझेल पूर्ण जळायला कागदावर वजनाच्या साडेचौदा पट हवा पुरते. पण सिलिंडरमध्ये दोघांना मिसळायला इतका कमी वेळ मिळतो की १८ पटीच्या आसपास धूर दिसायला लागतो. भरलेल्या गाडीला मी २० पट धरतो. ६.९ भागिले २० म्हणजे मिनिटाला ३४५ ग्रॅम डिझेल. एवढ्यावर इंजिन साधारण १२० अश्वशक्ती देतं, तीही स्वच्छ.

आता तो चिरलेला होज आठवा. दाब १ बारऐवजी ०.६ बार राहिला, तर हवा ५.५ किलोवर येते. डिझेल तेवढंच. पट झाली १६. हाच तो काळा ढग.

इंटरकूलर चिखलाने बुजला आणि हवा ५० ऐवजी ८० अंशांनी आत आली, तर दाब तोच दिसूनही हवेचं वजन आठ-नऊ टक्क्यांनी घटतं. म्हणून दाबाचा काटा एकट्याने पुरेसा नाही. उंचीचाही परिणाम आहेच. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर १०० मीटरला हवेचा दाब ११-१२ मिलिबारने कमी होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला, म्हणजे १,३०० मीटरच्या वर गेलात, की बाहेरची हवाच तेरा-चौदा टक्क्यांनी पातळ असते. खाली बरोबर बसवलेलं डिझेल वर जास्त होतं, आणि टर्बोला तेवढाच दाब द्यायला आणखी वेगाने फिरावं लागतं. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरत असतो, त्याला फार मोकळीक उरलेली नसते. एकामागून एक टर्बो जाण्याचं एक कारण हेच: हवा गळते, इसीयू किंवा ट्यूनर दाब वाढवत नेतो, आणि टर्बो आपल्या मर्यादेच्या पलीकडे फिरतो.

आणखी एक गोष्ट. पेट्रोल इंजिनात इंधन थोडं जास्त दिलं की आतली उष्णता उतरते, असं शिकलेले लोक डिझेललाही तोच नियम लावतात. डिझेलमध्ये उलट आहे. जास्तीचं डिझेल उशिरापर्यंत जळत राहतं आणि एक्झॉस्ट तापत जातं, पिस्टनचं डोकं आणि टर्बोचं गरम चक्र ते सोसतं. डिझेल वाढवलेल्या गाडीला टर्बोच्या अलीकडे मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा मीटर हवाच. लांब चढावर ७०० अंश सेल्सिअस ही माझी रेघ आहे. काटा त्याच्या वर गेला की पाय उचला, गिअर खाली घ्या.

अजून स्वस्तातलं

इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळ्या बाहेर काढून आतून बाहेर पाण्याने धुवा. जेटचा फवारा जवळून मारू नका, पत्र्याच्या पाकळ्या वाकतात.

ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला असेल तर भरल्या चढावरही जळलेला धूर परत आत येतो आणि ताज्या हवेची जागा खातो. काढून साफ करा. कायमचा पत्रा मारून बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो, मी देत नाही.

सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि बीएस-६ गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), काजळीने बुजला असेल तर टर्बोला श्वास सोडायला जागाच राहत नाही. जास्त डिझेल दिलेल्या गाडीचा डीपीएफ लवकर भरतो, हे त्या धुराचंच फळ आहे. तो कापून टाकणं हा उपाय नव्हे.

मोबाइलवर दिसणारे आकडे

काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल, म्हणजे इसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारा प्लग, घ्या. इंजिन बंद, चावी चालू, आणि मॅनिफोल्ड प्रेशर वाचा. चिपळूणसारख्या समुद्रसपाटीच्या गावात ते १०० किलोपास्कलच्या आसपास दिसलं पाहिजे, कारण इंजिन बंद असताना आत बाहेरचीच हवा आहे. ८५ किंवा ११५ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. काढून काजळी पुसा, वायर तपासा, तरीही तसंच असेल तर बदला. दोन मिनिटांच्या या तपासणीने मी दोन टर्बो बदलण्यापासून वाचवले आहेत.

मोठा टर्बो बसवलेल्या गाडीत सेन्सरची कमाल मर्यादाही विचारा. २.५ बारपर्यंतच वाचणारा सेन्सर असेल, तर बाहेरच्या हवेचा १ बार वजा जाता टर्बोच्या दीड बारनंतर तो थिजतो. त्यापुढे इसीयू आंधळेपणाने डिझेल देतो.

मग मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरला पूर्ण पेडल देऊन १,५०० ते ३,५०० आरपीएमपर्यंत आकडे नोंदवा. फोन शेजारच्याने धरायचा, चालवणाऱ्याने नाही. दाब हळू चढतो आणि २,५०० नंतर एकदम येतो, तर टर्बो इंजिनाच्या मानाने मोठा आहे. घाटात जिथे गाडी १,८०० ते २,२०० वर चालते तिथे तो झोपलेला असतो, डिझेल मात्र आलेलं असतं. अशा गाडीचा मालक म्हणतो, "मोठा टर्बो आणून गाडी आणखी मठ्ठ झाली." बरोबरच म्हणतो. माल वाहणाऱ्या पिकअपला लवकर जागा होणारा टर्बो लागतो, शर्यतीचा नाही. चढावर जोर लावताना किंवा पेडल सोडताना हवेच्या पाइपातून फडफड ऐकू आली तर टर्बोने ढकललेली हवा उलटी फिरते आहे. मोठा टर्बो कमी आरपीएमला जबरदस्तीने दाबवला की हे होतं, आणि त्याने बेअरिंग खराब होतं.

टर्बो आणि त्याचा अ‍ॅक्च्युएटर

थंड इंजिनावर टर्बोच्या पुढचा पाइप काढा. दांडा बोटांनी वर-खाली किंचित हलणं चालतं, तिथे ऑइलची फिल्म बसायची जागा असते. आत-बाहेर खेळ हाताला जाणवला किंवा पातं कवचाला घासल्याची चकाकी दिसली, तर टर्बो गेलेला आहे. अ‍ॅक्च्युएटरची, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेची, दांडी मोकळी चालते का, व्हॅक्यूमची बारीक नळी कडक होऊन तडकली आहे का, तेही बघा. दाब वाढवण्यासाठी कुणी ती दांडी आवळून ठेवली असेल तर मूळ जागी आणा.

नवा टर्बो बसवताना ऑइल देणारा पाइप जुनाच वापरला असेल, तर पुढचा टर्बो त्यातल्या कोळशानेच मरतो. तो पाइप नवा टाका. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. ड्रायव्हर भाऊंना हे मी प्रत्येक वेळी सांगतो.

डिझेलची बाजू: इथवर तुम्ही, पुढे नाही

डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा. पावसाळ्यानंतर फिल्टरमधून वाटीभर पाणी निघालेलं मी पाहिलं आहे. धूर नाही, ओढ नाही आणि पी००८७, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी, असा कोड, तर फिल्टर आणि टाकीपासून येणारी लाइन हेच पहिले संशयित. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत पंपावरच्या डायफ्रॅमला मॅनिफोल्डहून येणारी बारीक नळी बघा. ती तुटली की पंपाला टर्बोचा दाब कळतच नाही आणि तो डिझेल वाढवत नाही. त्याच पंपाचं सील तोडून कुणी स्क्रू फिरवला असेल, तर तो अंदाजाने परत फिरवू नका. पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर लावा.

यापुढे थांबा. कॉमन रेलमध्ये भर लोडवर १,५०० बारच्या आसपास आणि नव्या गाड्यांत त्याहून जास्त दाब असतो. चालू इंजिनावर इंजेक्टरचा पाइप ढिला करून मिसिंग शोधायची जुनी पद्धत इथे जीवघेणी आहे. तो फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेर टाचणीएवढी जखम दिसते, आत हात सडतो. असं झालंच तर वाट न बघता थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना डिझेल दाबाने आत गेलं आहे हे स्पष्ट सांगा.

तज्ज्ञाकडे न्यायची वेळ आली हे असं ओळखा: रेल प्रेशर मागितलेलं आणि मिळालेलं यांत मोठा फरक आहे. एखाद्या इंजेक्टरची परतीची गळती बाकीच्यांपेक्षा उठून जास्त आहे. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर बॅक कॉम्प्रेशन मारते, म्हणजे आतून हवा जोरात बाहेर येते. कूलंट कमी होतंय पण बाहेर सांडत नाही. मोठे नोझल टाकल्यापासून इंजिनाचा आवाज हातोडी मारल्यासारखा येतोय. यातलं एकही असेल तर गाडीत माल भरू नका.

निळा धूर आणि ऑइल उतरतंय, तर गाडी चालवूच नका. टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागलं, तर चावी काढूनही ते थांबत नाही. त्या वेळी वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून इंजिन मारायचं. ते जमलं नाही तर सगळ्यांना लांब न्या. हवेच्या तोंडावर हात कधीही धरू नका.

पुन्हा डिझेल वाढवायचं असेल तर

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पीयूसीला बीएस-४ डिझेल गाडीची धुराची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, त्याआधीच्या गाड्यांची २.४५. वॉरंटी आणि विम्याच्या अटीही वाचून घ्या. माझ्या गॅरेजात मी मूळ मॅपवर नीट चालणारी गाडी करून देतो, आणि बऱ्याच मालकांना त्यानंतर वाढवायची गरजच वाटत नाही.

खासगी जागेत, शेतावर वापरायच्या गाडीवर जे हे करतात त्यांनी क्रम पाळा. पहिल्यांदा गळती शून्य. मग इंटरकूलर आणि एक्झॉस्ट मोकळा. मग तापमानाचा मीटर. मग इंजिनाच्या कामाच्या आरपीएमला जागा होणारा टर्बो. डिझेल सगळ्यात शेवटी, थोडं थोडं, प्रत्येक पायरीला त्याच चढावर तोच भार घेऊन. धूर दिसला की एक पायरी मागे.

प्रत्येक फेरीला तीन आकडे वहीत लिहा: टर्बोचा दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान. सोबत तारीख आणि चढाची जागा. पुढे कधी गाडी दबली तर त्याच जागी तेच तीन आकडे पुन्हा घ्या आणि गॅरेजला येताना ती वही बरोबर आणा.